झाड, झुडूप, जंगल

उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे अभयारण्याचे नाव एका दमात म्हणायला थोडा सराव लागतो. उमरेड हे नागपूर जिल्ह्यातले कोळशाच्या खाणीचे गाव. पवनी हे भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे, तट-बुरुजांचे जुने शहर. कऱ्हांडला हे साधे खेडे. खाण, किल्ला आणि खेडे यांच्या मधल्या सुमारे १८९ चौरस किलोमीटर रानाला हे जोडनाव मिळाले आणि नागपूरकरांना सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतके जवळचे जंगल सापडले. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत आलेल्या ‘जय’ नावाच्या वाघाने ते देशभर गाजवले. ‘शोले’तल्या नायकाचे नाव मिरवणारा हा वाघ एप्रिल २०१६ नंतर कुणाला दिसला नाही. गाड्या मात्र येत राहिल्या.

या भूमीला लोकांनी, पंडितांनी, महसूल खात्याने आणि वनखात्याने वेगवेगळ्या काळात वेगवेगळे शब्द दिले आहेत : झाडी, रान, जंगल, झुडपी जंगल, अभयारण्य. वरवर पाहता हे सगळे एकाच अर्थाचे वाटतात. पण त्यांतल्या प्रत्येकाची उंची वेगळी, ओलावा वेगळा आणि कायद्याच्या दरबारातले वजनही वेगळे आहे. यांतला एक शब्द तर दोन हजार वर्षांत कोरड्याचा ओला झाला, परदेशी जाऊन आला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला.

आधी गावाचे आणि नदीचे नाव पाहू. पवनी ही पवन राजाची नगरी, असे लोक सांगतात. वर्ध्याजवळच्या पवनारलाही पवन राजा आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाताना रामटेक तालुक्यात आणखी एक पवनी लागते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याकडे पौनी आहे. इतकी गावे एकाच राजाने वसवली म्हणावीत, तर तो वाऱ्याच्याच वेगाने फिरत असला पाहिजे. गावांची नावे पडतात ती बहुधा जमीन, पाणी, झाड यांच्यावरून. त्यांचा अर्थ विसरला, की मग राजा जन्माला येतो. ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत आहे.

वैनगंगेचेही तसेच. ‘वनातून वाहणारी ती वनगंगा’ ही फोड ऐकायला गोड आहे आणि नदीच्या दोन्ही काठांकडे पाहिले तर पटतेही. पण वाकाटकांच्या ताम्रपटांत ‘बेण्णाकट’ हे प्रदेशनाम येते आणि ते अभ्यासकांनी या नदीच्या खोऱ्याशी जोडले आहे. बेण्णा, वेण्णा, वेणा ही एकाच कुटुंबातली नदीनामे आहेत. साताऱ्याकडे कृष्णेला मिळणारी वेण्णा आहे, वर्धेला मिळणारी वेणा आहे. ‘गंगा’ हे मानाचे पद मागाहून लागले. म्हणजे ‘वैन’मध्ये वन शोधणे हे ‘पवनी’त पवन शोधण्यासारखेच.

खरे झाड एका नावात दडले आहे, पण ते शोधायला जमिनीखाली जावे लागते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. तिथे मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या शिल्पांत फणा उभारलेला एक नाग आहे आणि त्याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरले आहे : मुचरिंद नाग. बोधीनंतरच्या वादळी पावसात बुद्धावर फणा धरणारा हा नागराजा पाली ग्रंथांत ‘मुचलिंद’ म्हणून येतो. पवनीच्या कारागिराने ल-च्या जागी र कोरला. गंमत अशी, की पालीत मुचलिंद हे नागाचे नाव आहे तसेच झाडाचेही. तो नाग त्या झाडाखाली राहतो. मराठीतल्या सुवासिक फुलांच्या मुचकुंदाचे नाव ऐकायला त्याच्या जवळचे वाटते. झाड आणि त्याच्या तळाशी राहणारा राखणदार यांना एकच नाव असणे हे आपल्याकडच्या देवरायांना नवे नाही.

ळ-चा र करण्याची हौस या प्रदेशाला आजही आहे. झाडीबोलीत डोळ्याचा ‘डोरा’ होतो, जवळचे ‘जवर’ होते आणि ण-चा सरसकट न होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तिचा कोश केला आणि ‘झाडीबोली’ हे नाव मानाने वापरात आणले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झाले, की इथे रात्र-रात्र नाटके चालतात आणि त्या रंगभूमीचे नावही झाडीपट्टीच. प्रदेश, बोली आणि नाटक या तिन्हींची ओळख झाडीवरून सांगणारा दुसरा मराठी मुलूख नाही.

या ‘झाडी’च्या मुळाशी असलेला ‘झाड’ हा शब्द आपण इतका घरचा मानतो, की त्याचे वय विचारायचे सुचत नाही. तो संस्कृतातून सरळ उतरलेला नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ लिहिली ती अशाच, संस्कृताच्या हिशेबात न बसणाऱ्या शब्दांसाठी. तिथे ‘झाड’ आहे, पण त्याचा अर्थ आहे वेलींची गचपण. तो वृक्ष नव्हे, गुंतवळ आहे. पुढे भाषा वेगळ्या झाल्या आणि या शब्दाची वाढही वेगवेगळी झाली. हिंदीत ‘झाड़’ खालीच राहिले. तिथे झाड़ म्हणजे झुडूप, झाड़ी म्हणजे काटेरी दाटी. मराठीत आणि गुजरातीत मात्र झाड उंच वाढून वृक्ष झाले. मग खालची जागा रिकामी पडली आणि मराठीने तिथे ‘झुडूप’ लावले.

हा फरक केवळ कोशातला राहिला नाही. पूर्व विदर्भ इंग्रजी अमलात मध्य प्रांतात होता आणि १९५६ पर्यंत हिंदी मुलखाबरोबर एकाच राज्यात राहिला. त्या प्रांताच्या महसुली दप्तरात जमिनीचे दोन प्रकार होते : ‘बड़े झाड़ का जंगल’ आणि ‘छोटे झाड़ का जंगल’. मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडात हे शब्द अजून जमिनीच्या कागदांवर सापडतात. मराठी बोलणाऱ्या जिल्ह्यांत धाकट्या झाडाला झाड म्हणवेना, म्हणून त्याचे ‘झुडपी जंगल’ झाले. ते पुढे कसे महागात पडले आणि कसे उपयोगीही पडले, ते येईलच.

‘रान’ हा त्या मानाने कुलीन शब्द. अरण्य, मग प्राकृत रण्ण, मग मराठी रान. आरंभीचा अ गळाला, आणि तो गळतो याची नोंद वररुचीच्या प्राकृत व्याकरणात स्वतंत्र सूत्र करून घेतलेली आहे. अरण्याच्या पोटात ‘अरण’ आहे, म्हणजे परके, दूरचे. गाव संपले, की जे सुरू होते ते अरण्य. तिथे झाडे असलीच पाहिजेत अशी अट नव्हती. ही जुनी सैल व्याख्या मराठीने टिकवली. म्हणून रानोमाळ भटकता येते, आणि साताऱ्या-सोलापूरकडचा शेतकरी ‘रानात गेलोय’ म्हणतो तेव्हा तो ज्वारीच्या शेतात असतो. पवनीकडे शेताला रान म्हणत नाहीत. इथे वावर असते, धानाची बांधी असते, दोन वावरांमध्ये धुरा असतो. पश्चिमेकडे रान शेतात शिरले. इथे ते धुऱ्याच्या पलीकडेच थांबले, बहुधा पलीकडे खरोखरच रान होते म्हणून.

आता ‘जंगल’. हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येते ते हिरवेगार, ओले, ऊन जमिनीपर्यंत न पोचणारे दाट अरण्य. आयुर्वेदाच्या आचार्यांना हे वर्णन उलटे वाटले असते. चरक-सुश्रुतांनी भूमीचे तीन प्रकार सांगितले : जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाण्याची भूमी. त्या शब्दात ‘अप्’ म्हणजे पाणी आहे. जांगल म्हणजे कोरडी, वाऱ्याची, विरळ झाडांची, जिथे मोकळे आकाश भरपूर दिसते अशी भूमी. जांगल देश निरोगी आणि आनूप देश रोगट, असे वैद्य मानत. महाभारतातला कुरुजांगल हा प्रदेश याच अर्थाने जांगल आहे. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मध्ये या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले आणि ‘जंगल’ या शब्दाचा हा उलटा प्रवास जगापुढे मांडला.

चरकाने कल्पस्थानात जांगल देशातल्या झाडांची यादी दिली आहे. ती पवनीच्या एखाद्या वनरक्षकाला वाचून दाखवावी. खदिर म्हणजे खैर. धव म्हणजे धावडा. तिनिश म्हणजे तिवस. शल्लकी म्हणजे सालई. बदरी म्हणजे बोर. तिंदुक म्हणजे तेंदू, ज्याच्या पानांवर उन्हाळ्यात इथल्या कितीतरी घरांची मजुरी अवलंबून असते. आमलकी म्हणजे आवळा. शिवाय वड, पिंपळ, शमी, अर्जुन, शिसव. यादी वाचताना असे वाटते, की कुणीतरी उमरेडहून पवनीला येता येता रस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडे लिहून घेतली आहेत. यांतली बहुतेक झाडे उन्हाळ्यात पाने टाकून उभी राहतात. वनशास्त्र अशा रानाला शुष्क पानगळीचे वन म्हणते. चरकाने त्यालाच जांगल म्हटले होते. मराठी नावांकडे पाहा. दोन हजार वर्षांत ती झिजली, पण तुटली नाहीत. जी झाडे रोज तोडायची, वेचायची, उकळायची आणि जाळायची असतात, त्यांची नावे भाषा हरवू देत नाही. या यादीत नसलेला मोहही तसाच : मधूक, महुअ, मोह. त्याच्या बियांना इथे टोरी म्हणतात आणि त्यांचे तेल काढतात.

प्राण्यांचीही अशीच वाटणी होती. सुश्रुताच्या मांसवर्गात वाघ, बिबट, अस्वल आणि तरक्षु, म्हणजे आपला तरस किंवा तडस, हे गुहेत राहणारे म्हणून जांगल गटात येतात. लावा आणि तितर हे पाखरांतले जांगल. गवय, म्हैस आणि डुक्कर हे पाण्याकाठी चरणारे, म्हणून आनूप. आजच्या अभयारण्यात वाघ आहे आणि गवाही आहे. जुन्या हिशेबाने हा दोन देशांचा शेजार झाला. आनूपाची बाजू अलीकडे वाढलीही आहे. पवनी तालुक्यातल्या गोसे गावाजवळ वैनगंगेवर जे धरण झाले त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी बसवली. त्या जलाशयाने कोरड्या मुलखाला पाण्याचा लांबलचक काठ दिला, आणि कित्येक गावांना उठून दुसरीकडे बसायला लावले.

मग कोरडे जंगल ओले कधी झाले? शब्द इंग्रजीत गेला तेव्हा. तिथे तो पहिल्यांदा छापील दिसतो १७७६ मध्ये, हालहेडने केलेल्या हिंदू धर्मशास्त्राच्या इंग्रजी संहितेत, आणि तिथला अर्थ आहे पाच वर्षे पडीत राहिलेली जमीन. म्हणजे निघताना शब्द कोरडाच होता. पण पडीत जमिनीवर झुडपे माजतात. झुडपे माजली, की अर्थ दाटीकडे सरकतो. पुढे साम्राज्य बंगालच्या दलदलीत, ब्रह्मदेशात, मलायात पसरले आणि तिथल्या पावसाळी अरण्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांनी हाच तयार शब्द लावला. १८९४ मध्ये किपलिंगचे ‘जंगल बुक’ आले आणि शब्द जगभरच्या मुलांच्या तोंडी बसला. त्या पुस्तकातली सिवनीची टेकाडे म्हणजे चरकाचा जांगल देशच. त्यात वैनगंगा नावानिशी वाहते, आणि सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली तीच नदी खाली पवनीच्या घाटांना लागून जाते. पण लंडनच्या वाचकाने मनात रंगवले ते चिंब, वेलींनी भरलेले रान. आपल्या शाळांतून तेच चित्र आपल्याकडे परत आले. घरचा शब्द बाहेरचा अर्थ घेऊन परतला आणि आपण घरच्या जंगलाला ‘हे काय जंगल, नुसती झुडपे’ म्हणू लागलो.

आणि हे म्हणणे कागदावर गेले. झुडपी जंगल या नोंदीतला ‘झुडपी’ हा शब्द कमीपणा दाखवायला होता : हलक्या प्रतीची, नांगराला न येणारी, खुरट्या वाढीची जमीन. मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, काळात अशा जमिनीवर गावाचा निस्तार चाले. निस्तार म्हणजे मुळात पार पडणे, तरून जाणे. महसुली भाषेत त्याचा अर्थ झाला गावाचा निभाव : गुरांना चराई, चुलीला सरपण, घराला लाकूड-बांबू. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि या जमिनी सरकारकडे आल्या. मालगुजारांचे तलावही आले. माजी मालगुजारी तलाव हे नाव दर वेळी कोण लिहिणार? त्यातली दोन आद्याक्षरे उरली आणि ‘मामा तलाव’ झाला. आता नव्या पिढीतल्या कुणाला वाटते, की हा तलाव कुणा मामाने बांधला असावा. पवन राजा जन्माला येतो तो असा.

झुडपी जंगलावर पुढे शाळा झाल्या, दवाखाने झाले, सरकारी कचेऱ्या झाल्या, वस्त्या वाढल्या. नागपूर शहराच्या पोटातही झुडपी जंगलाच्या नोंदी आहेत. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी आवश्यक केली. तेव्हा प्रश्न उभा राहिला : झुडपी जंगल हे जंगल आहे का? झुडपी या विशेषणाकडे पाहिले तर नाही. जंगल या नामाकडे पाहिले तर आहे. विशेषण आणि नाम यांचे हे भांडण अनेक वर्षे फायलींमधून फिरत राहिले.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वन या शब्दाचा अर्थ शब्दकोशात आहे तसाच घ्यायचा आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही, मालक कुणीही असो, त्यात धरायची. शब्दकोशाला असा मान क्वचितच मिळतो. याच निकालाचा आधार घेऊन २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने ठरवले, की पूर्व विदर्भातले झुडपी जंगल हे वनच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन त्या एका नामाच्या आसऱ्याने वन ठरली. १९९६ पूर्वी त्यावर उभी राहिलेली घरे आणि कचेऱ्या यांच्यासाठी वेगळी वाट न्यायालयाने ठेवली. ती माणसांसाठी आवश्यकच होती.

निकालाच्या बाजूने चरकाला साक्षीला कुणी बोलावले नाही. बोलावले असते तर त्याची साक्ष सरळ होती : आकाश दिसते, बोर आहे, खैर आहे, लावा आणि तितर आहेत, म्हणजे हेच जंगल. दाट अरण्य हा नंतरचा अर्थ. निसर्गाच्या अभ्यासकांचे म्हणणेही आता याच दिशेचे आहे. गवत आणि झुडपे यांची भूमी म्हणजे बिघडलेले वन, ही समजूत इंग्रजी वनखात्याच्या इमारती लाकडाच्या हिशेबातून आली. खोकड, लांडगा, ससा आणि माळावरची पाखरे यांना दाट साग नको असतो, मोकळे रानच लागते. तिथे खड्डे खणून ओळीने झाडे लावली, की त्यांचे घर जाते, आणि आकडेवारीत मात्र वनक्षेत्र वाढल्याचे दिसते.

वनखात्याचा स्वतःचा शब्द ‘अभयारण्य’. ‘सँक्चुअरी’ या इंग्रजी शब्दामागे चर्चचा पवित्र आसरा आहे. मराठीने पावित्र्य सोडून थेट भीतीवर बोट ठेवले : जिथे भय नाही ते. हा नव्या काळात घडवलेला शब्द वाटतो, पण त्याची जुनी बहीण कौटिलीय अर्थशास्त्रात आहे, ‘अभयवन’. तिथल्या पशुपक्ष्यांना आणि माशांना पकडणाऱ्या-मारणाऱ्याला सर्वांत वरच्या पायरीचा दंड सांगितला आहे. ‘राष्ट्रीय उद्यान’ मात्र मनाला नीट बसलेले नाही. उद्यान म्हणजे मुळात बाहेर जाणे, मग बाहेर जाण्याचे ठिकाण. सिद्धार्थ रथात बसून ज्या वाटेने उद्यानाकडे निघाला, त्याच वाटेवर त्याला म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस दिसला. आज उद्यान म्हटले, की झोपाळा आणि फुलांचे ताटवे आठवतात. म्हणून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्यांना बिबट्या दारात आला, की तो उद्यानातून पळून आल्यासारखा वाटतो. पवनीत ही पंचाईत नाही. इथे वाघ अभयारण्यातून येतो आणि लोक म्हणतात, जंगलातून आला.

मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या रानात राहून वनवासी माणसांच्या तोंडचे शब्द गोळा केले आणि पक्ष्यांचे, माशांचे, झाडांचे कोश केले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. जमिनीच्या कागदांवरच्या शब्दांचा असा कोश अजून कुणी केलेला नाही, आणि त्याची गरज तातडीची आहे, कारण हे शब्द जमिनीचे भवितव्य ठरवतात. ‘पडीक’ लिहिले, की ती जमीन उठवायला कुणीतरी येतो. ‘ओसाड’ लिहिले, की ती वसवायला येतो. ‘झुडपी’ लिहिले, की छाटायला येतो. पूर्व विदर्भातल्या कुण्या अनाम कारकुनाने ‘झुडपी’ लिहून पुढे सवयीने ‘जंगल’ही लिहिले. त्याला चरक माहीत असायचे कारण नव्हते, पण त्याची नोंद बरोबर होती.